पोचपावती

माकुणसारच्या आमच्या घरात माजघराला लागून एक खोली आहे. पूर्वी तिथे वालाची पोती, कांद्याच्या माळा आणि कोपऱ्यात भाताची कणगी असायची. आता तिथे तीन जुने संगणक, एक स्विच आणि दोन यूपीएस आहेत. खोलीला एकच खिडकी, उत्तरेला, विहिरीकडे उघडणारी. म्हणूनच ही खोली निवडली. पहिला उन्हाळा आम्ही हे सगळं माळ्यावर, कौलांखाली मांडून काढला होता आणि एप्रिलच्या दुपारी डिस्कचं तापमान पन्नास अंशांच्या पुढे गेलेलं पाहिलं होतं.

तीन संगणकांपैकी दोन कामाचे बैल. त्यांची नावं सर्जा आणि राजा. तिसऱ्याचं नाव कणगी. नावं माझ्या भाचीने ठेवली. ती इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा हा उद्योग सुरू झाला. सर्जा-राजा काम करतात, पण स्वतःजवळ काहीच ठेवत नाहीत. जे काही ठेवायचं ते कणगीत. हा लेख मुख्यतः कणगीचा आहे, कारण गेल्या काही वर्षांत आम्ही जे शिकलो त्यातलं बहुतेक तिने शिकवलं, आणि त्यातला एक धडा फार महाग पडला.

केळवे रोड आणि सफाळे या दोन स्टेशनांच्या पट्ट्यात, रुळांच्या पश्चिमेला आमचं गाव. पुढे खाजणं, पलीकडे समुद्र. हवा खारी, त्यामुळे उघडं लोखंड दोन पावसाळ्यांत गंजतं. संगणकाच्या पाठीमागच्या जाळीतून पाल आत शिरते आणि पॉवर सप्लायवर मरून पडते. शहरातल्या माणसाला या गोष्टी कुणी सांगत नाही. आम्हाला पहिल्या वर्षातच कळल्या. जाळीवर मच्छरदाणीचं कापड चिकटवलं आणि दर महिन्याला ते झटकायचं ठरवलं.

* * *

मी पंचवीस वर्षं बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांतले संगणक सांभाळले. तारापूर म्हटलं की बाहेरच्यांना अणुवीज केंद्र आठवतं. २८ ऑक्टोबर १९६९ ला त्याचे पहिले दोन संच व्यावसायिक तत्त्वावर वीज देऊ लागले आणि २००५ व २००६ मध्ये ५४० मेगावॉटचे आणखी दोन संच सुरू झाले. आम्हा आसपासच्या गावांना तारापूर म्हणजे एमआयडीसीही तितकीच. पहाटेच्या शटलला डबा घेऊन उभी राहणारी आमच्याकडची कितीतरी माणसं तिथल्या औषधांच्या आणि रसायनांच्या कारखान्यांत जातात.

अशा कारखान्यात चालू संगणकावर काहीही ‘टाकून बघता’ येत नाही. रिअॅक्टरमध्ये बॅच असते, तापमान आणि दाब यांची सतत नोंद होत असते, त्या नोंदी पुढे तपासणीला दाखवाव्या लागतात. नवा अँटिव्हायरस बसवला आणि नोंदी घेणारा संगणक मध्येच पुन्हा सुरू झाला, तर बॅचचा इतिहास तुटतो. आधी दुसरीकडे करून पाहा, मग इथे करा, हा नियम प्रत्येक जण तोंडाने मान्य करतो. पण ते ‘दुसरीकडे’ बहुतेक ठिकाणी अस्तित्वातच नसतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीचं एक सदोष अपडेट जगभर गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. विमानतळ थांबले, रुग्णालयं थांबली. ज्यांच्याकडे चाचणीची वेगळी जागा होती त्यांच्याही हातात त्या दिवशी फारसं काही नव्हतं, कारण ते अपडेट थेट आत येत होतं. तरी त्या दिवसानंतर ‘आपली टेस्ट लॅब कुठे आहे?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांना वेड्यात काढणं बंद झालं.

आमची लॅब त्याच्या आधीची. कारण साधं होतं. भाचीला शिकायचं होतं, मला निवृत्तीआधी काही गोष्टी निवांतपणे करून पाहायच्या होत्या, आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलं की कार्यालयांतून बाहेर पडलेले संगणक परवडणाऱ्या भावात मिळत होते. २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल येऊ लागल्यापासून आमच्याकडच्यांना मुंबई गाठणं थोडं सोपं झालं आहे. सर्जा आणि राजा दोघेही मांडीवर बसून लोकलने गावी आले.

* * *

एका संगणकाच्या पोटात अनेक संगणक चालवायचे, ही युक्ती जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्ये आपल्या मोठ्या यंत्रांसाठी ती बाजारात आणली. घरगुती संगणकावर ती १९९९ मध्ये व्हीएमवेअरने आणली, आणि २००७ च्या सुरुवातीला ती लिनक्सच्या गाभ्यातच आली. व्हिएन्नामधल्या एका छोट्या कंपनीने २००८ मध्ये त्यावर प्रॉक्समॉक्स नावाची मोफत प्रणाली उभी केली. सर्जा-राजावर तीच चालते. एका वाड्यात जशी अनेक बिऱ्हाडं नांदतात, प्रत्येकाची चूल वेगळी आणि विहीर एक, तसं एका यंत्रावर पाच-सात व्हर्च्युअल मशीन नांदतात. बोलताना आम्ही त्यांना व्हीएम म्हणतो.

व्हीएमची सगळ्यात विलक्षण गोष्ट म्हणजे तिची हार्ड डिस्क. ती खरी डिस्क नसतेच, ती असते एक फाइल. विंडोज, त्यातले प्रोग्रॅम, त्यातला डेटाबेस, सगळं एका फाइलीत. फाइलीची नक्कल केली की आख्खा संगणक दुप्पट झाला. फाइल पुसली की संगणक पुसला गेला. चाचणीच्या लॅबला याहून चांगलं काय हवं? एक व्हीएम तयार करायची, तिची नक्कल काढायची, नकलेवर हवे ते प्रयोग करायचे, बिघडली की फेकून नवी नक्कल घ्यायची.

आता ती फाइल ठेवायची कुठे? सर्जाच्या पोटातल्या डिस्कवर ठेवली तर ती सर्जाची झाली. सर्जा बंद पडला की त्याच्या सगळ्या व्हीएम त्याच्याबरोबर गेल्या आणि शेजारी राजा रिकामा उभा. पण फाइल दोघांच्याही बाहेर, तिसऱ्या ठिकाणी असली आणि दोघांनाही ती दिसत असली, तर चालू व्हीएम सर्जावरून राजावर नेता येते. डिस्क जागची हलत नाही; फक्त मेमरीतला मजकूर तारेवरून पलीकडे जातो. पहिल्यांदा हे केलं तेव्हा व्हीएमच्या आत एक घड्याळ चालू ठेवलं होतं. व्हीएम सर्जावरून राजावर गेली आणि सेकंदकाटा क्षणभर अडखळून पुढे चालू लागला. भाची म्हणाली, “मामा, पुन्हा करा.” त्या संध्याकाळी आम्ही ते दहा-बारा वेळा केलं.

ते तिसरं ठिकाण म्हणजे कणगी.

* * *

कणगीतलं धान्य सर्जा-राजाला तारेवरून मिळावं यासाठी जी बोली आम्ही वापरतो तिचं नाव एनएफएस, म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टिम. अमेरिकेतल्या सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत १९८४ च्या सुमारास ती घडली. सनच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. सनने आपली बोली कुलपात ठेवली नाही. नियम जाहीर केले, इतरांना वापरू दिले, आणि म्हणून चाळीस वर्षांनंतर माकुणसारमध्ये दोन जुनाट संगणक ती बोलू शकतात. डिस्क कच्चीच तारेवरून देण्याची दुसरी पद्धत आहे, आयस्कझी नावाची. मोठ्या ठिकाणी तिचे फायदे आहेत. आम्ही एनएफएस निवडलं, कारण कणगीत डोकावलं की फाइली नावानिशी दिसतात. शिकणाऱ्याला डोळ्यांनी दिसणं फार मोलाचं असतं.

दिवाळी अंकात सांगावी अशी एक गोष्ट इथेच सांगतो. एनएफएसचा सर्व्हर साधारणपणे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात बसतो. तो गाभ्याबाहेर, साध्या प्रोग्रॅमसारखा चालवण्याची एक मुक्त प्रणाली आहे. आज मोठमोठ्या साठवण यंत्रणांपुढे ती वापरली जाते. तिचं नाव गणेश. ती लिहिली फ्रान्समध्ये, फिलिप देनिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि २००७ मध्ये ओटावाच्या लिनक्स परिषदेत तिच्यावर निबंध वाचला गेला. हे लोक काम करत होते सीईए या संस्थेत, म्हणजे फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगात. अमेरिकेने १९७८ च्या कायद्यानंतर तारापूरच्या इंधनाचा पुरवठा अडवला, तेव्हा १९८२ च्या करारानंतर समृद्ध युरेनियम फ्रान्सकडून आलं. त्याच देशाच्या अणुऊर्जा आयोगातून पंचवीस वर्षांनी गणेशाच्या नावाचा सर्व्हर आला, आणि तारापूरपासून तासाभराच्या अंतरावर आम्ही तो एकदा कणगीवर चालवून पाहिला. त्यांच्यात नाव कुणाला आणि कसं सुचलं ते मी शोधत बसलो नाही. मला ते आवडलं एवढंच.

* * *

मांडणी सांगतो. कणगी म्हणजे जुना डेस्कटॉप, १६ जीबी मेमरी आणि चार डिस्क, दोन-दोनच्या जोड्या. जोडीतल्या दोन्ही डिस्कवर तेच लिहिलं जातं; एक मेली तर दुसरी असते. त्यावर डेबियन लिनक्स आणि झेडएफएस ही फाइल सिस्टिम. ती पण सनमध्येच जन्मली.

डिस्क घेताना एक चूक झाली. स्वस्त मिळाल्या म्हणून घेतलेल्या दोन डिस्क ‘शिंगल्ड’ प्रकारच्या निघाल्या. या प्रकारात डिस्कवरच्या रेघा एकमेकींवर थोड्या चढवून लिहिलेल्या असतात, अगदी आमच्या घराच्या कौलांसारख्या. जागा वाचते. पण मधलं एक कौल बदलायचं तर वरची सगळी रांग उचलावी लागते, तसंच मधली एक रेघ बदलायची तर पुढच्या कितीतरी रेघा पुन्हा लिहाव्या लागतात. चित्रपट साठवायला या डिस्क ठीक. व्हीएम मात्र दर क्षणी कुठे ना कुठे चार अक्षरं खोडून लिहीत असते. जोडीतली एक डिस्क बदलायची वेळ आली तेव्हा नव्या डिस्कवर सगळं भरायला जो वेळ लागला त्यात आमचा धीर सुटला. विकत घेण्याआधी डिस्क कोणत्या प्रकारची आहे हे विचारावं, पावतीवर लिहून घ्यावं.

तार गिगाबिटची. हिशेबाने सेकंदाला १२५ मेगाबाइट, प्रत्यक्षात ११० च्या आसपास. मोठी फाइल नेताना अडतं ते तारेवर. पण व्हीएमचं काम मोठ्या फाइलींचं नसतं, बारीकसारीक, विखुरलेलं असतं. आणि तिथे अडतं डिस्कवर. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांत घेते. हवी ती जागा खाली यायला सरासरी अर्धा फेरा, शिवाय वाचणारं डोकं त्या जागेकडे सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला जेमतेम ऐंशी वेळा ती वेगवेगळ्या जागी पोहोचते. एका डिस्कवर सात बिऱ्हाडं, प्रत्येक बिऱ्हाड हाका मारतंय आणि म्हातारी ऐंशी पावलांत सगळ्यांना वाढतेय. हा आकडा कागदावर मांडल्याशिवाय कुणी लॅबसाठी डिस्क घेऊ नये.

विश्वासाचा प्रश्नही आहे. एनएफएसची साधी पद्धत ओळखीवर चालते. समोरच्या संगणकाने ‘मी अमुक क्रमांकाचा वापरकर्ता’ म्हटलं की सर्व्हर ते खरं मानतो. त्यातल्या त्यात सर्वाधिकार असलेल्या ‘रूट’ला तो मुद्दाम कुणीही नसलेला पाहुणा मानतो. पण व्हीएम चालवणाऱ्या यंत्रांना बहुधा रूटचेच अधिकार द्यावे लागतात, म्हणजे ते संरक्षण आपल्याच हाताने काढावं लागतं. म्हणून कणगी, सर्जा आणि राजा यांच्यातली तार वेगळी ठेवली. घरातल्या वायफायशी तिचा संबंध नाही. घरातल्या फोनवरून कणगी दिसता कामा नये.

* * *

आता मूळ गोष्टीकडे येतो.

एनएफएसच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत सर्व्हर कुणाचं काहीही लक्षात ठेवत नाही. प्रत्येक मागणी आपल्यापुरती पूर्ण असते: ही फाइल, इतक्याव्या अक्षरापासून, इतकी अक्षरं. सर्व्हर मध्येच बंद पडला तर मागणारा तीच मागणी पुन्हा पुन्हा करत राहतो, आणि सर्व्हर परत आला की जणू काही झालंच नाही असं काम पुढे सुरू होतं. यासाठी माउंट करताना, म्हणजे कणगीतली जागा सर्जा-राजाला जोडून देताना, ‘हार्ड’ हा पर्याय ठेवायचा असतो. सर्जा-राजा थांबून राहतात, पण हार मानत नाहीत. ‘सॉफ्ट’ ठेवलं तर ते कंटाळून चूक झाल्याचं सांगतात आणि व्हीएमच्या फाइलीचं नुकसान होतं.

ही सगळी इमारत एका वचनावर उभी आहे. सर्व्हर म्हणाला ‘लिहिलं’, तर ते डिस्कवर लिहिलेलं असलंच पाहिजे.

माझे वडील वाडीतली भाजी आणि पानं दादरच्या बाजाराला पाठवायचे. पाट्या स्टेशनवर पोहोचल्या की नेणारा एक कच्ची चिठ्ठी द्यायचा. माल व्यापाऱ्याच्या हातात पडला, मोजला गेला, की संध्याकाळच्या गाडीने पक्की पावती यायची. पक्की पावती हातात आल्याशिवाय वडील वहीत रेघ मारायचे नाहीत. कच्ची चिठ्ठी जपून ठेवायची. मधे काही गडबड झाली तर कोणता माल पुन्हा पाठवायचा ते तिच्यावरून कळतं.

एनएफएसची दुसरी आवृत्ती फक्त पक्की पावती ओळखत होती. प्रत्येक लिखाण डिस्कवर गेल्यावरच उत्तर, त्यामुळे काम संथ. १९९५ मध्ये जाहीर झालेल्या तिसऱ्या आवृत्तीत कच्ची चिठ्ठी आली. सर्व्हर मजकूर मेमरीत घेऊन लगेच चिठ्ठी देतो आणि त्या चिठ्ठीवर एक शिक्का असतो. नंतर मागणारा ‘आता पक्कं करा’ म्हणतो, त्या आज्ञेला ‘कमिट’ म्हणतात. सर्व्हर डिस्कवर लिहून पक्की पावती देतो, तिच्यावरही तोच शिक्का. मधल्या काळात सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला असेल तर शिक्का बदललेला असतो. मागणारा ओळखतो की आधीच्या कच्च्या चिठ्ठ्यांचा माल वाटेतच गेला, आणि तो सगळा पुन्हा पाठवतो. मला ही रचना फार सुंदर वाटते. वेगही मिळाला आणि खोटंही बोलावं लागलं नाही.

पण सर्व्हरच्या ‘एक्स्पोर्ट्स’ नावाच्या फाइलीत एक शब्द लिहिता येतो: ‘असिंक’. तो लिहिला की सर्व्हर माल फलाटावर पडलेला असतानाच पक्की पावती देऊ लागतो. लिनक्सच्या जुन्या साधनांत हाच पर्याय आपोआप लागू होता. नंतर तो बदलून ‘सिंक’ करावा लागला, यावरून काय ते समजावं.

कणगी संथ होती. एक व्हीएम बसवायला घेतली की जेवण, चहा, वाडीतली एक फेरी होऊन येईपर्यंत ती चालू असायची. मे २०२१ च्या पहिल्या आठवड्यात मी ‘सिंक’ खोडून ‘असिंक’ लिहिलं. तात्पुरतं. कणगी पळू लागली. भाचीचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, एका डेटाबेससह, त्यातल्याच एका व्हीएमवर होता. “मामा, सेव्ह झालं ना नक्की?” असं तिने विचारलं तेव्हा मी म्हणालो, “झालंय बाय, काळजी करू नको.”

१७ मे ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यापुढून गेलं. सकाळपासून वीज ये-जा करत होती. कणगीच्या यूपीएसची बॅटरी जुनी होती, सर्जा-राजाची नवी. त्यामुळे झालं असं की कणगी एकटी बंद पडली, वीज आली तशी पुन्हा सुरू झाली, आणि सर्जा-राजा तेवढा वेळ थांबून राहिले. मग सगळ्या व्हीएम जिथे होत्या तिथून पुढे चालू लागल्या. आम्ही दोघं ते पाहत होतो. मला त्या क्षणी एनएफएसचा अभिमान वाटला होता.

दुपारनंतर वारा वाढला. वाडीतली केळी आडवी झाली, शेजारच्या आंब्याची फांदी तारांवर आली आणि वीज गेली ती काही दिवस आलीच नाही. आम्ही सगळं नीट बंद केलं होतं. वीज आल्यावर सुरू करायला बसलो तर दोन व्हीएम उठल्या नाहीत. त्यांतली एक भाचीची.

नुकसान दुपारनंतरच्या वाऱ्यात झालंच नव्हतं. ते सकाळी, आमच्या डोळ्यांसमोर, सगळं सुरळीत दिसत असताना झालं होतं. कणगी बंद पडली तेव्हा तिच्या मेमरीतला काही सेकंदांचा मजकूर गेला. त्याच्या पक्क्या पावत्या तिने आधीच देऊन टाकल्या होत्या, त्यामुळे सर्जाने वहीत रेघ मारली होती आणि तो माल पुन्हा पाठवायचं त्याला कारणच नव्हतं. कणगी, सर्जा आणि राजा एकाच क्षणी बंद पडले असते तर कदाचित वाचलो असतो. व्हीएम काही सेकंद मागे गेली असती एवढंच. पण व्हीएम पुढे गेली होती आणि तिची डिस्क मागे राहिली होती. त्या भोकावर ती बंद होईपर्यंत नवं लिहीत राहिली. हरवलेली ती चार अक्षरं नेमकी डेटाबेसच्या हिशेबाची होती.

तीन आठवड्यांचं काम गेलं. आधीची प्रत होती, पण तीन आठवडे जुनी. भाची रडली नाही. वही काढून आठवेल तसं पुन्हा लिहायला बसली. ती मला काही बोलली नाही, आणि तेच मला आजही जड जातं. ‘सेव्ह झालंय’ असं मी सांगितलं होतं, आणि ते खरं आहे की नाही हे मला माहीत असायला हवं होतं.

* * *

वीज परत आली त्याच दिवशी दुसरी एक गाठ सोडवावी लागली. सर्जा-राजा कणगीला तिच्या नावाने शोधत होते. नावाचा क्रमांक सांगणारा डीएनएस सर्व्हर हीसुद्धा एक व्हीएमच होती, आणि तिची फाइल कणगीत होती. कणगी सापडायला डीएनएस हवं, डीएनएस उठायला कणगी हवी. विहिरीवरच्या जुन्या पंपासारखं: पाणी चढायला पंप हवा, आणि पंपाने धरायला आधी त्यात पाणी भरलेलं हवं. वीज नीट असताना वर्षभर हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण तिघं एकदम कधी बंद पडलेच नव्हते. आता माउंट करताना आयपी क्रमांकच लिहितो, आणि डीएनएस एका छोट्या वेगळ्या यंत्रावर आहे.

कणगीला आता सगळ्यात चांगली बॅटरी असते. बंद होताना ती शेवटची, सुरू होताना पहिली. ‘सिंक’ परत आलं. वेगासाठी एक जुनी पण सर्व्हरसाठी बनवलेली एसएसडी घेतली. तिच्यात कपॅसिटर असतात. वीज गेली तरी हातात घेतलेलं लिखाण पूर्ण करण्याइतकी ऊर्जा त्यांत असते. झेडएफएस तातडीचं लिखाण आधी तिथे उतरवतं, पक्की पावती देतं आणि मग सावकाश मोठ्या डिस्कवर नेतं. पूर्वी व्हीएम बसवताना वाडीत फेरी व्हायची, आता चहा होतो. आणि पावती खरी असते. दर रात्री कणगीची एक प्रत दुसऱ्या घरातल्या डिस्कवर जाते. डिस्कची जोडी म्हणजे बॅकअप नव्हे हे मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलो होतो. माझ्या घरात रोजचा बॅकअप सुरू व्हायला वादळ यावं लागलं.

भाची आज पुण्यात आहे. साठवणुकीचं सॉफ्टवेअर हा पुण्याचा जुना धंदा आहे. व्हेरिटाससारख्या कंपनीचं विकासाचं मोठं काम तिथे चाललं, आणि तिथून बाहेर पडलेल्या जसप्रीत सिंग, मिलिंद बोराटे आणि रमणी कोतंदरामन यांनी २००८ मध्ये ड्रुवा ही डेटा सुरक्षित ठेवणारी कंपनी उभी केली. आपल्याकडे सॉफ्टवेअर म्हटलं की ॲप आणि वेबसाइट इतकंच मुलांच्या डोळ्यांपुढे येतं. ‘लिहिलं म्हणजे खरंच लिहिलं गेलं का’ या एका प्रश्नावर आयुष्यभर काम करणारी माणसं पुण्यात आहेत, हे पालघर-बोईसरच्या कॉलेजांतल्या मुलांना कुणीतरी सांगायला हवं. नोकरीच्या मुलाखतीत भाचीला या लॅबविषयी विचारलं तेव्हा तिने घड्याळ न थांबता सर्जावरून राजावर गेलेल्या व्हीएमची गोष्ट सांगितली नाही. १७ मे च्या सकाळची सांगितली.

लॅबमध्ये आता गावातली आणि सफाळ्याची चार मुलं येतात. प्रत्येकाला पहिल्या दिवशी एक व्हीएम मिळते आणि एक काम: आत एक छोटा प्रोग्रॅम लिहायचा, जो एकापुढे एक आकडे फाइलीत लिहितो, प्रत्येक आकडा पक्का करून घेतो आणि मगच पडद्यावर दाखवतो. तो चालू असताना आम्ही कणगीची वीज काढतो. ती पुन्हा उठली की पडद्यावरचा आकडा आणि फाइलीतला आकडा शेजारी ठेवून पाहायचे. ‘सिंक’ असताना पडद्यावर दिसलेला प्रत्येक आकडा फाइलीत असतो. मग त्यांच्यासमोर ‘असिंक’ करून तेच पुन्हा करतो.

तुम्ही घरी, शाळेत, कारखान्यात किंवा कार्यालयात अशी मांडणी करणार असाल, तर माझी एकच विनंती आहे. पहिल्या आठवड्यात, आत कुणाचंही खरं काम ठेवण्याआधी, साठवणुकीच्या यंत्राची वायर एकदा स्वतःच्या हाताने ओढा. आधी फक्त त्याची, मग सगळ्यांची एकदम. काय परत येतं आणि काय येत नाही, ते वहीत लिहून ठेवा.